कुत्र्याच्या जेवणात वनस्पतिजन्य पूरके कशी द्यावीत

आमच्या घरी आलेले पहिले पिल्लू गावठी होते, जेमतेम तीन महिन्यांचे. त्याला सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी दूधभात आणि हाडे बळकट व्हावीत म्हणून दुकानातून आणलेली हर्बल कॅल्शियमची चमचाभर पूड, असा आहार आम्ही मोठ्या मायेने दोन महिने दिला. तेवढ्यात त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे बाकले आणि दोन पायऱ्या चढतानाही ते कण्हू लागले. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून दाखवले, तेव्हा त्याची हाडे आजूबाजूच्या मांसाइतकीच पुसट दिसत होती. पुडीच्या डब्यावर डझनभर वनस्पतींची नावे आणि पानाफुलांची चित्रे होती. एका चमच्यात कॅल्शियम किती मिलिग्रॅम आहे, हा एकच आकडा कुठेही छापलेला नव्हता. पिल्लू पुढे सावरले, पण पायांचा बाक पूर्ण गेला नाही. म्हणूनच पूरक विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे मी भेटेल त्या प्रत्येक श्वानपालकाला कळकळीने सांगतो. हिशेब कसा करायचा, ते पुढे लिहिले आहे.

आधी मूळ जेवण पाहावे

कुत्रा लांडग्याच्या वंशातला असला, तरी माणसाच्या सोबतीत त्याचे पचन बदलले आहे. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात साधारणपणे दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. त्यामुळे शिजवलेला भात, भाकरी, रताळे, गाजर हे कुत्र्याला चांगले पचते. गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून तो स्वतः अ जीवनसत्त्व तयार करतो, जे मांजराला जमत नाही. क जीवनसत्त्वही त्याच्या यकृतात तयार होते, म्हणून निरोगी कुत्र्याला आवळ्याची पूड किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्याची गरज नसते. उलट त्या फार दिल्यास काही कुत्र्यांत ऑक्झलेटचे मूतखडे होण्याचा धोका वाढतो.

पण काही गोष्टी वनस्पतींतून त्याला मिळतच नाहीत, किंवा फार थोड्या मिळतात. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. माणसाप्रमाणे उन्हात बसून पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करणे कुत्र्याच्या त्वचेला जमत नाही. ते अन्नातूनच, म्हणजे अंड्याचा बलक, मासे, यकृत किंवा पशुवैद्यांनी दिलेले औषध यांतून यावे लागते. हृदयाला आवश्यक असणारे टॉरिन कुत्रा स्वतः बनवतो, परंतु त्यासाठी मेथिओनिन आणि सिस्टीन ही अमिनो आम्ले पुरेशी लागतात आणि डाळींत नेमके मेथिओनिन कमी असते. ज्या घरी मांस-मासे शिजत नाहीत, तिथे निदान उकडलेले अंडे कुत्र्याच्या ताटात असावे असे माझे ठाम मत आहे. अंडेही चालत नसेल, तर पशुवैद्यकीय पोषणतज्ज्ञाकडून आहार आखून घ्यावा, अंदाजाने चालवू नये.

येथे दोन वाटा फुटतात. कुत्रा बाजारातले तयार कोरडे खाद्य खात असेल आणि त्या पिशवीवर ते ‘संपूर्ण व संतुलित’ आहार असल्याचे व ते कोणत्या वयासाठी आहे याचे स्पष्ट विधान असेल, तर जीवनसत्त्वे आणि खनिजे त्यात आधीच घातलेली असतात. वर आणखी कॅल्शियम घालणे निरर्थक असते, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत ते घातकही ठरते, कारण कोवळ्या वयात नको असलेले कॅल्शियम आतड्यात अडवण्याची क्षमता पिल्लात नसते आणि हाडांची वाढ बिघडते. याउलट घरच्या जेवणावर वाढणाऱ्या कुत्र्याच्या आहारात बहुधा काहीतरी कमी असतेच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील तज्ज्ञांनी घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. त्या पाककृती तर लिहिलेल्या आणि मोजलेल्या होत्या. आपण घरात डोळ्यांच्या अंदाजाने वाढतो.

उष्मांकांचा आणि कॅल्शियमचा हिशेब

समजा, कुत्रा १५ किलोचा, प्रौढ आणि नसबंदी झालेला आहे. फोनमधल्या गणकयंत्रावर १५ ला तीनदा मांडून गुणावे (१५ × १५ × १५ = ३३७५) आणि वर्गमूळाची कळ दोनदा दाबावी; उत्तर सुमारे ७.६ येते. त्याला ७० ने गुणले की सुमारे ५३० किलोकॅलरी येतात. ही नुसती पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा झाली. तिला १.६ ने गुणल्यास रोजची गरज सुमारे ८५० किलोकॅलरी येते. हा आकडा म्हणजे सुरुवात. कुत्र्याचे वजन वाढते की घटते हे पाहून तो पुढे बदलावा लागतो.

संतुलित जेवणाबाहेरचे जे काही असेल, म्हणजे बिस्किटे, फळांच्या फोडी आणि पूरके, ते सगळे मिळून एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये, असा पशुवैद्यक क्षेत्रात सर्वमान्य असलेला नियम आहे. आपल्या उदाहरणात ही मर्यादा ८५ किलोकॅलरी होते. एक चहाचा चमचा खोबरेल तेल ४० किलोकॅलरींचे असते. ‘केस चमकतात’ म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा तेल घालणारा माणूस ही मर्यादा तेवढ्यावरच संपवतो.

आता कॅल्शियम पाहू. प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरींमागे सुमारे १.२५ ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे आपल्या कुत्र्याला रोज एक ग्रॅमहून थोडे अधिक. वाढत्या पिल्लाला त्याच उष्मांकांमागे सुमारे ३ ग्रॅम लागते. नुसते प्रमाण पुरत नाही. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या किमान बरोबरीने आणि फार तर दुप्पट असावे लागते. गव्हात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या सात-आठपट असतो आणि कोंबडीच्या बिनहाडाच्या मांसात पंधरापटीच्या आसपास. हे असंतुलन रक्तात भरून काढण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. आमच्या पिल्लाचे पाय वाकले ते यामुळे.

शेवग्याच्या पानांचा या बाबतीत मोठा लौकिक आहे आणि तो खोटा नाही, फक्त चमच्याच्या मापाने पाहिला पाहिजे. वाळलेल्या पानांच्या १०० ग्रॅम पुडीत सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. चहाच्या एका चमच्यात पूड बसते सुमारे २ ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम मिळते ४० मिलिग्रॅम, आणि गरज आहे हजाराहून जास्त. म्हणजे गरजेच्या चार टक्केही नाही. चमच्यांची संख्या वाढवून हे भरून निघत नाही, कारण तेवढा पाला कुत्र्याचे पोट सहन करणार नाही. शेवगा थोडा हिरवा पाला म्हणून जेवणात असावा. कॅल्शियमचे पूरक म्हणून त्यावर विसंबू नये.

नाचणीचे गणित वेगळे आहे आणि मला ती या सगळ्यांत अधिक उपयोगी वाटते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात किंवा गव्हात त्याच्या जवळपासही नसते. मात्र ती वरून घालायची गोष्ट नव्हे: ३० ग्रॅम पिठाच्या आंबिलीनेच शंभराच्या आसपास किलोकॅलरी होतात आणि दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून नाचणी भाताच्या किंवा पोळीच्या जागी द्यावी. मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी घेतल्यास तिच्यातले फायटेट कमी होते आणि खनिजे अधिक चांगली शोषली जातात. पीठ पाण्यात कालवून, मीठ-ताक-लसूण काहीही न घालता, पूर्ण शिजवून कोमट करून द्यावे.

एवढे करूनही घरच्या जेवणातली कॅल्शियमची तूट वनस्पतींनी भरून निघत नाही, हे प्रामाणिकपणे सांगणे भाग आहे. अंड्याची टरफले धुऊन, दहा मिनिटे उकळून, तव्यावर कोरडी करून, मिक्सरमध्ये बोटांना कण लागणार नाहीत इतकी बारीक केली, की अर्ध्या चहाच्या चमच्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळते. घरचे जेवण खाणाऱ्या प्रौढ कुत्र्याला हा उपाय चालतो. टरफल नको असेल, तर पशुवैद्यांकडून कॅल्शियम कार्बोनेटची साधी पूड घ्यावी. पिल्लू, गाभण कुत्री आणि मूत्रपिंडाचा किंवा मूतखड्याचा आजार असलेला कुत्रा यांची मात्रा फक्त पशुवैद्यांनी ठरवावी.

जवस, भोपळा, इसबगोल आणि हळद

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. ते ओमेगा-३ गटातले आहे आणि कोरड्या, कोंडा पडणाऱ्या त्वचेला त्याचा काहीसा उपयोग होतो. परंतु सांध्यांची सूज, हृदय आणि मेंदू यांच्यासाठी जी ओमेगा-३ आम्ले कामी येतात, ती ईपीए आणि डीएचए. जवसातल्या आम्लापासून ती बनवण्याची कुत्र्याच्या शरीराची क्षमता फार थोडी आहे. सांधेदुखीसाठी जवस देणाऱ्याची म्हणूनच निराशा होते. मासळीचे तेल नको असेल, तर सूक्ष्म शैवालापासून काढलेले तेल हा खरा वनस्पतिजन्य पर्याय आहे, कारण माशांकडे डीएचए मुळात त्या शैवालाकडूनच येते. त्याच्या बाटलीवर डीएचए आणि ईपीए किती मिलिग्रॅम आहेत ते पाहून, वजनानुसार मात्रा पशुवैद्यांकडून लिहून घ्यावी.

जवस द्यायचाच असेल तर अख्खा देऊ नये. गुळगुळीत सालीमुळे तो जसाच्या तसा बाहेर पडतो. आठवड्यापुरते जवस मंद आचेवर तडतडू लागेपर्यंतच भाजावेत, पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मग मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत, कारण सलग फिरवल्यास भांडे तापते आणि पुडीला तेल सुटून गोळे होतात. पूड घट्ट झाकणाच्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवावी. ताज्या पुडीला खमंग वास येतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र, खवट वास आला की ती टाकून द्यावी, पैसे वाया गेले तरी चालतील. १५ किलोच्या कुत्र्याला पाव चहाच्या चमच्यापासून सुरुवात करून एका चमच्यापर्यंत जावे आणि त्या दिवसांत पाण्याचे भांडे भरलेले ठेवावे. घरात तयार असलेली जवसाची चटणी मात्र कधीही घालू नये. तिच्यात लसूण, तिखट आणि मीठ असते, आणि घाईच्या वेळी हीच चूक घडते.

लाल भोपळा हा पोटासाठी सगळ्यांत सौम्य पदार्थ आहे. साल व बिया काढून वाफवलेल्या भोपळ्याचे दोन-तीन मोठे चमचे मध्यम आकाराच्या कुत्र्याला सैल शी होत असताना आणि ती कडक होत असतानाही मदत करतात, कारण त्यातला तंतुमय भाग जादा पाणी धरतो आणि विष्ठेला आकार देतो. स्थूल कुत्र्याच्या जेवणात थोडा भात कमी करून तेवढा भोपळा किंवा वाफवलेली फरसबी घातली, तर पोट भरते आणि उष्मांक घटतात. दुधी द्यायचा झाल्यास आधी एक चकती स्वतः चाखून पाहावी. कडू दुधी माणसालाही विषारी असतो आणि कुत्र्यालाही.

इसबगोल देताना पाणी हेच खरे औषध समजावे. बिनचवीचा, साखर किंवा अन्य गोडी न घातलेला भुसा घ्यावा, मध्यम कुत्र्याला अर्धा चहाचा चमचा पुरेसा होतो, आणि तो अर्धी वाटी पाण्यात भिजून फुगल्यावरच जेवणात कालवावा. कोरडा भुसा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. कुत्र्याला दुसरे एखादे औषध चालू असेल, तर ते आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाही तर औषधाचे शोषण मंदावते.

हळदीवर आपला जीव फार आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सांभाळून लिहितो. सूज कमी करणारे कर्क्युमिन हळकुंडात साधारण तीन टक्के असते आणि पोटातून रक्तात त्याचा फारच थोडा अंश जातो. शिजताना चिमूटभर हळद घातल्याने निरोगी कुत्र्याचे काही बिघडत नाही. पण म्हाताऱ्या कुत्र्याची कंबर धरली असताना वेदनाशामक थांबवून हळदीचे गोळे भरवणे म्हणजे त्याला दुखत ठेवणे होय. रक्त पातळ करणारे किंवा वेदनाशामक औषध चालू असेल, पित्ताशयाचा आजार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर जास्त मात्रेतली हळद आधी पशुवैद्यांना सांगितल्याशिवाय देऊ नये. सुट्या हळद पुडीत पिवळ्या रंगासाठी शिसेयुक्त क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे, तेव्हा हळकुंडे आणून घरी दळलेली हळदच वापरावी.

डाळींविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण ‘वनस्पतिजन्य प्रथिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत बहुधा वाटाणा असतो. वाटाणा, मसूर यांसारख्या कडधान्यांचे प्रमाण मोठे असलेल्या, धान्यविरहित तयार खाद्यांचा हृदयस्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केला. कार्यकारणभाव सिद्ध करण्याइतका पुरावा नसल्याचे सांगून डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी नियमित माहिती देणे थांबवले. मऊ शिजवलेली मूगडाळ अधूनमधून थोडी दिल्याने घाबरण्याचे कारण नाही, पण मांस-अंड्याची जागा तिला देऊ नये. राजमा किंवा इतर कडधान्ये कच्ची वा अर्धवट शिजलेली कधीही देऊ नयेत.

स्वयंपाकघरातले जे घालू नये

कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा पुडीच्या रूपात, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. पिसवांवरचा नैसर्गिक उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत लसणाची पूड असते, ती घेऊ नये. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. यामागे टार्टारिक आम्ल असावे असे तज्ज्ञ मानतात, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. आपल्या घरातला आमटी-भात म्हणूनच कुत्र्याचे अन्न नव्हे: त्यात चिंच, लसूण आणि मीठ तिन्ही असतात. कुत्र्याचे पातेले फोडणीआधी वेगळे काढण्याची सवय लावावी. जायफळ, कोरफडीचा पिवळा चीक आणि झायलिटॉल ही गोडी घातलेल्या माणसांच्या चघळायच्या गोळ्या यांनाही याच यादीत धरावे. झायलिटॉलने रक्तातली साखर अर्ध्या-पाऊण तासातही कोसळू शकते, त्यामुळे तसे काही पोटात गेल्याचे कळताच वेष्टन हातात घेऊन थेट दवाखाना गाठावा. घरी उलटी करवण्याचे प्रयोग करू नयेत.

सुरुवात आणि नोंद

एका वेळी एकच पूरक सुरू करावे आणि ते ठरवलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्यापासून. आठ-दहा दिवस पोट ठीक राहिले की पूर्ण मात्रा द्यावी आणि दुसऱ्या पूरकाचा विचार त्यानंतर करावा, म्हणजे खाज सुटली किंवा जुलाब झाले, तर कशामुळे ते कळते. अन्नाच्या वावड्याची तपासणी म्हणून पशुवैद्यांनी ठरावीक आहार लावला असेल, तर ते आठ आठवडे हळद-जवसासह सगळे बंद ठेवावे. एका चमच्यानेही ती तपासणी फुकट जाते.

डबा विकत घेताना एका मात्रेत प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे, हे छापलेले असल्याखेरीज तो घेऊ नये. मी एक साधी वही ठेवतो: तारीख, पूरक, मात्रा, शी कशी झाली, खाजवणे कमी की जास्त, आणि दर पंधरा दिवसांनी वजन. वजनासाठी आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. त्वचेवरचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर धीर धरावा. आठ आठवड्यांनंतरही वहीत काहीच बदल दिसला नाही, तर ते पूरक बंद करावे आणि त्या पैशांत रोजचे एक अंडे आणावे.